अ‍ॅम्बॅसिडरचं हेड मोकळं कसं करायचं

गेल्या दिवाळीच्या आधी एक तरुण मुलगा पोत्यात गुंडाळलेलं अ‍ॅम्बॅसिडरचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घेऊन शेडवर आला. हवा आणि धूर जायचे त्यातले मार्ग, म्हणजे पोर्ट, आरशासारखे चमकत होते. दोन महिने रात्री जागून त्यानं हातानं घासले होते. म्हणाला, "मावशी, एवढं करूनही गाडी पहिल्यापेक्षा ढिलीच पळते." मी पोर्ट उघडणारा-मिटणारा एक व्हॉल्व्ह काढला आणि तो जिच्यावर बसतो त्या सीटच्या खालून बोट फिरवलं. जिथं हात सहज पोचतो तिथं सगळी चकाकी होती. व्हॉल्व्हच्या सीटखाली मात्र कारखान्यातून आलेली धारदार कड तशीच्या तशी होती. हवा अडते ती तिथं, आणि तिथंच त्यानं काही केलं नव्हतं.

त्याला जे समजावून सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते आहे. आमची शेड कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हेड फेसिंग, म्हणजे हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करणं, आणि सीट कटिंगसाठी ती सुरू केली. त्यांच्यानंतर मीच चालवते. घरची गाडी १९७२ची मार्क टू अ‍ॅम्बॅसिडर, पांढरी. खाली जे सांगते ते आधी तिच्यावर करून पाहिलेलं आहे.

हे इंजिन म्हणजे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज, १४८९ सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३.०२५ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८.९ मिमी. इंग्लंडमध्ये १९५५ साली आलेल्या एमजीए १५०० या स्पोर्ट्स गाडीत हेच इंजिन होतं. तिथं ते ७० हॉर्सपॉवरच्या आसपास द्यायचं, आपल्याकडे साधारण ५०. फरक होता तो व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते), कॅम (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा) आणि दोन कार्ब्युरेटरचा. ब्लॉक त्याच घराण्यातला. म्हणजे आपल्या गाडीत ताकद आहे, ती हेडपाशी अडकून पडली आहे.

तयार हेड की आहे तेच?

बरेच जण विचारतात, एमजीएनंतर आलेल्या एमजीबी गाडीचं हेड बाहेरून मागवून बसवू का? हेड धरणाऱ्या स्टडांची भोकं जुळतात, त्याचे व्हॉल्व्हही मोठे असतात. पण एमजीबीचा बोअर ८०.२६ मिमी आणि आपला ७३. मोठा एक्झॉस्ट (धूर सोडणारा) व्हॉल्व्ह उघडताना आपल्या ब्लॉकच्या काठाला टेकू शकतो. मग ब्लॉकमध्ये खाच पाडावी लागते. शिवाय त्या हेडचा चेंबर, म्हणजे मिश्रण जळायची पोकळी, साधारण ४३ सीसीचा, तोही १८०० सीसीच्या इंजिनासाठी केलेला. आपल्या छोट्या बोअरवर तो तसाच ठेवला तर कॉम्प्रेशन हवं तेवढं मिळत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी माझं मत स्वच्छ आहे: आपलंच हेड घ्या आणि त्याच्यावर मेहनत करा.

एक गोष्ट मात्र जरूर करा. भंगारातून दुसरं हेड मिळवा आणि काम त्याच्यावर करा. मूळ हेड ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपून ठेवा. २०२१ सालच्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते. उद्या तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना तशी नोंदणी करावीशी वाटली तर ते हेड हाताशी असेल.

हेड उतरवण्याआधी

आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजनं मोजा. गरम इंजिन, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगचा. रिंगा गेल्या असतील तर हेडवर पैसे घालू नका. वरचं घट्ट झालं की खालची गळती जास्त जाणवते आणि गाडी ऑइल खायला लागते. तेव्हा आधी खालचं काम.

पाणी सगळं काढून टाका, मगच रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वरच्या दांड्यांना, हात लावा. या इंजिनात रॉकरच्या खांबांमधून जाणारे काही स्टड हेडसुद्धा धरून ठेवतात. एका बाजूनं एकदम सैल केलं तर हेड वाकतं. सगळे नट थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. रॉकरला खालून ढकलणारे पुशरॉड काढताना पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवा. ज्याचा त्याचा पुशरॉड परत त्याच्याच जागी गेला पाहिजे.

हेड धुऊन झालं की तडे शोधा. मधले दोन एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून बाहेर पडतात, त्यामुळे दोन आणि तीन नंबरच्या मधला भाग सगळ्यात जास्त तापतो. तिथं आणि व्हॉल्व्हच्या दोन सीटांच्या मधल्या पट्टीवर लाल डाय मारून बघा. तडा दिसला तर ते हेड सोडून द्या. वेल्डिंगच्या नादी लागू नका.

गळा आणि वाटी

आता मुख्य काम.

या हेडला एका बाजूला पाचच पोर्ट आहेत. इनटेकचे (हवा आत घेणारे) दोन, एक पोर्ट दोन सिलिंडरना मिळून. एक्झॉस्टचे तीन, त्यातला मधला जोडपोर्ट. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. म्हणजे दोन नंबरच्या पाठोपाठ एक नंबर हवा ओढतो, आणि ओढतो त्याच पोर्टमधून. दोनचा व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत एकचा उघडलेला असतो, त्यामुळे एकाच्या तोंडचा घास दुसरा पळवतो. तीन आणि चारचंही तसंच. म्हणून पोर्टच्या आत दोन व्हॉल्व्हकडे वाट फोडणारी जी भिंत आहे ती कापून मागं नेऊ नका. तिच्या नाकावरचा कास्टिंगचा खडबडीतपणा काढा, गोलाई द्या आणि थांबा. मोठं भोक दिसायला छान दिसतं, पण भिंत कापली की ही पळवापळवी वाढते आणि कमी आरपीएमला गाडी गुदमरते.

पोर्टचं तोंडही मोठं करायच्या फंदात पडू नका. पोर्ट पुशरॉडच्या भोकांमधून वाट काढत जातात, तिथं धातू फार नसतो. १९९८ साली मी माझ्या पहिल्या हेडला पोर्टच्या छतातून सरळ पाण्याच्या जाकिटात भोक पाडलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तडा गेलेलं एक हेड हॅकसॉ मशीनवर लावलं आणि पावासारखे त्याचे काप केले. ते काप आजही शेडच्या भिंतीवर टांगलेले आहेत. कुठं आठ मिमी धातू आहे आणि कुठं जेमतेम तीन, हे त्यात डोळ्यांना दिसतं. तुम्हाला असं हेड मिळालं तर पाच-सहा ठिकाणी कापून बघा. सांगण्यापेक्षा ते बघितलेलं बरं.

मेहनत करायची ती व्हॉल्व्हच्या मागच्या वाटीत आणि सीटखालच्या गळ्यात. गळ्याचा व्यास व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ८८ टक्के ठेवा. व्हॉल्व्ह ३८ मिमीचा असेल तर गळा साधारण ३२.५ ते ३३. त्याच्यापुढं गेलात तर सीटला आधार उरत नाही. डाय ग्राइंडरला लांब दांड्याचा कार्बाइड बर लावा आणि सीटखालची धारदार कड पाडा. गळ्यातून वाटीकडे जाताना कुठंही पायरी राहता कामा नये. पोर्टचा तळ जिथं व्हॉल्व्हकडे वळतो त्या वळणाच्या आतल्या बाजूला धातू फारसा काढू नका. हवा तिथं मुळातच वळण सोडून पळायला बघते, वळण आणखी तीव्र झालं की ती भिंतीला धरूनच राहत नाही. व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या गाईडच्या भोवतीचा कास्टिंगचा उंचवटा दोन्ही बाजूंनी होडीसारखा निमुळता करा. उंची थोडी राहू द्या, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता गाईडमधूनही बाहेर पडते.

बोटाची पारख मशीनपेक्षा कमी नाही. डोळे मिटून करंगळी फिरवा. पायरी, खळगा, उंचवटा सगळं कळतं. मी प्रत्येक पोर्टचा गळा आतल्या कॅलिपरनं मोजून वहीत लिहिते आणि चारी सारखे आणते. चारातला एक जास्त मोकळा आणि तीन कमी, यापेक्षा चारी मध्यम असलेले कधीही चांगले. शेडमध्ये जुना व्हॅक्यूम क्लीनर आणि रंगीत पाण्याची यू आकाराची पारदर्शक नळी लावून मी एक साधं उपकरण केलं आहे. हेड त्याच्यावर ठेवायचं, व्हॉल्व्ह ठरावीक उंचीवर उघडा धरायचा आणि नळीतलं पाणी किती चढतं ते बघायचं. हवेचा खरा आकडा त्यातून कळत नाही, पण एक पोर्ट दुसऱ्याच्या मागं आहे का ते लगेच दिसतं. त्या मुलाचं हेड आधी त्याच्यावर ठेवलं, मग सीटखालची कड काढून पुन्हा ठेवलं. पाण्याची पातळी बदललेली बघून तो बराच वेळ गप्प उभा होता.

चकाकीबद्दल थोडं. इनटेक पोर्टला ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा हात पुरे. थोड्या खरखरीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब ओघळत नाहीत, हवेत मिसळत राहतात. एक्झॉस्ट गुळगुळीत केलात तर चालेल, कार्बन कमी चिकटतो.

चेंबर

या हेडचा चेंबर बदामाच्या आकाराचा आहे. ती कल्पना हॅरी वेस्लेक या इंग्रज इंजिनिअरची. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये जे टोक पुढं आलेलं असतं ते आत येणाऱ्या मिश्रणाला फिरवतं. ते पूर्ण घासून टाकलेली हेडं माझ्याकडे येतात तेव्हा जीव तुटतो. त्याची धार मोडा, कारण धार लाल होते आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटणं, सुरू होतं. व्हॉल्व्हच्या अगदी जवळ असलेली चेंबरची भिंत थोडी मागं घ्या, पण गॅस्केटच्या काठाच्या आत राहा. जुनं गॅस्केट हेडवर ठेवून टोकदार सुईनं रेघ मारून घ्या, ती तुमची लक्ष्मणरेषा.

सीट आणि आजचं पेट्रोल

देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. या हेडमध्ये सीट वेगळी नसते, कास्टिंगच्याच लोखंडात कापलेली असते. शिसं होतं तोवर त्याचा थर एक्झॉस्ट सीटला जपायचा. आता लांब पल्ल्याला जोरात चालवलं की व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो. टॅपेटची गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) वरचेवर कमी होत असेल तर हेच कारण समजा. म्हणून एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट रिंगा बसवून घ्या. इनटेकला गरज नाही. हे काम घरी करू नका. खाच किती खोल घ्यायची आणि रिंग किती घट्ट बसायची हे चांगल्या मशीनवरच जमतं. खाली पाण्याचं जाकीट आहे हे त्या मिस्त्रीला आधी सांगा.

सीट ४५ अंशाची. वर ३० आणि खाली ६० अंशाचा कट, म्हणजे हवा पायरीवरून नाही, उतारावरून येते. खालचा ६० अंशाचा कट तुम्ही मोकळ्या केलेल्या गळ्यात बेमालूम मिळायला हवा, नाहीतर इतकी मेहनत वाया. सीटची रुंदी इनटेकला दीड मिमी, एक्झॉस्टला दोन. त्याहून बारीक केली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायला जागा मिळत नाही. गाईड ढिली असतील तर सीट कापण्याआधी बदला, कारण सीट गाईडच्या मध्यावरूनच कापली जाते. क्रम उलटा केलात तर सीट तिरकी.

व्हॉल्व्ह सीटवर लॅपिंग पेस्टनं घासून हलका हात द्या. मग प्लग लावून, व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसवून चेंबरमध्ये डिझेल ओता आणि चहा घेऊन या. पोर्टमध्ये ओल दिसली तर पुन्हा लॅपिंग.

मोजल्याशिवाय हेड फेसिंगला देऊ नका

"हेड दोन मिमी मारा" असं सांगून लोक मोकळे होतात. किती मारायचं ते आधी मोजा. अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याला छोटं भोक पाडा, चेंबरवर ग्रीस लावून बसवा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशा ब्युरेटनं डिझेल सोडा. माझ्या हेडचा चेंबर ४२.६ सीसी भरला. पिस्टन वर आणून ब्लॉकवर तसंच केलं: पिस्टनची वाटी आणि वरची मोकळी जागा मिळून १३.४. दाबल्यावर ०.८ मिमी राहणाऱ्या गॅस्केटची जागा ३.५. बेरीज ५९.५ सीसी. एका सिलिंडरची क्षमता ३७२.३ सीसी. दोन्हींची बेरीज भागिले ५९.५, म्हणजे ७.२६. हे माझं कॉम्प्रेशन.

चेंबरची भिंत मागं घेतल्यावर बेरीज ६०.३ झाली. म्हणून फेसिंग नेहमी शेवटी. आता चेंबरचा आकार आलेखाच्या कागदावर उतरवा आणि चौकोन मोजा. माझे ३० चौरस सेंटिमीटर भरले. म्हणजे दर ०.१ मिमी फेसिंगला ०.३ सीसी कमी होणार. दीड मिमी काढलं, ४.५ सीसी गेले, राहिले ५५.८. कॉम्प्रेशन ७.६७.

आकडा लहान वाटेल. एमजीएचं ८.३ होतं. तिथं पोचायला मला एकूण ५१ सीसीवर यावं लागलं असतं, म्हणजे हेड तीन मिमीहून जास्त मारायचं. इतकं मारलं की हेडचा तळ पातळ होतो आणि गॅस्केट उडायला लागतात. ज्यांना ८.३ हवंच आहे त्यांनी पुढच्या वेळी इंजिन खोलताना पिस्टन बदलावेत. हेडवर जुलूम नको. आणि फेसिंग झाल्यावर पट्टी आणि फट मोजणाऱ्या फीलर गेजनं आडवं, उभं, तिरकं तपासूनच हेड घरी न्या. मी एकदा घाईत बाहेरून फेसिंग करून आणलं, न तपासता बसवलं, आणि गॅस्केट तिसऱ्या आठवड्यात गेलं.

परत बसवताना

हेड दीड मिमीनं खाली आलं की रॉकरही खाली येतात, पण पुशरॉड तेवढेच लांब. रॉकर व्हॉल्व्हच्या दांड्यावर तिरका घासतो आणि गाईड खातो. म्हणून रॉकरच्या खांबांखाली तेवढ्याच जाडीचे पत्रे घाला. यातल्या एका खांबातून रॉकरला ऑइल जातं. त्या खांबाखालच्या पत्र्याला ऑइलचं भोक पाडायला विसरलात तर रॉकर शाफ्ट कोरडा चालून खराब होतो. व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना रॉकर दांड्याशी काटकोनात दिसला की बरोबर.

पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती लावून, हेड जुन्या गॅस्केटवर बसवून, टॅपेट लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवा. हेड काढून मातीवरचे ठसे कापून मोजा. दोन मिमी जागा असली की निर्धास्त. नंतर नवं गॅस्केट, स्वच्छ स्टड, धाग्यांना थेंबभर ऑइल. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, तीन फेऱ्यांत ४५ ते ५० फूट-पौंडांपर्यंत. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. टॉर्क पाना नसेल तर मागून आणा, अंदाजानं आवळू नका.

टॅपेटसाठी नऊचा हिशोब लक्षात ठेवा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची गॅप लावायची, सहावा उघडा असेल तेव्हा तिसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ.

पेट्रोल आणि टायमिंग

हवा जास्त जायला लागली की पेट्रोलही जास्त लागतं. त्यात आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. म्हणजे जुन्या सेटिंगवर इंजिन दोन कारणांनी कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालतं, आणि कोरडं चाललं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. इथेनॉलमुळे नॉकिंग मात्र कमी होतं, तेवढी मदत आपल्याला मिळते. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवा.

माझ्या गाडीत एसयू कार्ब्युरेटर आहे. जेटखालचा षटकोनी नट एकेक पैलू खाली घेत गेले, दोन पैलूंवर जमलं. तपासायची रीत सोपी: इंजिन गरम असताना कार्ब्युरेटरचा पिस्टन खालच्या पिननं मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी, किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर आधी एखादा अंश मागं ठेवा. पन्हाळ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून ऐका. खिळे हलवल्यासारखा आवाज आला तर आणखी मागं, नाही आला तर हळूहळू पुढं. पूर्वी त्याच चढाला माझी गाडी दुसरा मागायची. आता वाघबिळाच्या पुढं चार माणसं घेऊन तिसऱ्यात चढते.

पहिले ५०० किलोमीटर जोर देऊ नका. मग इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी प्रत्येक नट पाव फेरा सैल करून पुन्हा त्याच क्रमानं टॉर्कवर आणा, आणि टॅपेट परत लावा, कारण गॅस्केट बसलेलं असतं. रॉकर कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग याच वेळी नवं घाला, नाहीतर ऑइल एक्झॉस्टवर ठिबकून बॉनेटखाली धूर होतो.